पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि समाजसेविका होत्या. बालविधवांसाठी काढलेले शारदा सदन आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथील मुक्ती सदन या त्यांच्या दोन प्रमुख संस्था. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुली, टाकून दिलेल्या स्त्रिया आणि विशेषतः अंध मुली यांना मुक्ती सदनात आश्रय मिळाला. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि धर्मांतराविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने त्यांनी अनाथांचा संसार कोणाच्या पैशावर आणि कोणत्या अटींवर चालविला, याची चर्चा कमी होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची ही बाजू अधिक विस्ताराने दिली आहे.

बालपण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळ येथील अरण्यातील आश्रमात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व वेदशास्त्रसंपन्न पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे हे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. तरीही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. पुढे लक्ष्मीबाईंनी धाकट्या लेकीला पहाटे उठवून तेच पाठ दिले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले होते.

आश्रमातील अतिथिसत्कार आणि विद्यार्थ्यांचे पोषण यांत घरची मालमत्ता संपली, तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळांत व घाटांवर पुराण सांगावे, श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर गुजराण करावी आणि उरलेले दानधर्मात द्यावे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. म्हणजे लोकांच्या दानावर जगण्याचा अनुभव रमाबाईंना अगदी बालपणापासून होता. दुष्काळात हे दान आटले. पुराणिकांच्या घराण्याला मजुरीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात वडील आणि पाठोपाठ आई उपासमारीने व आजाराने दगावली. थोरली बहीणही पुढे वारली. उरलेले भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई पायी उत्तरेकडे गेले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी या दोघांनी हातांनी खड्डे खणून वाळू अंगावर ओढून रात्र काढल्याचे रमाबाईंनी आत्मकथनात नमूद केले आहे. पुढे दुष्काळपीडित मुलींकडे त्या ज्या ओढीने धावल्या, तिचे मूळ या प्रवासात शोधावे लागते.

कलकत्ता ते पुणे

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलांशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये त्यांना मुलगी झाली; तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारींचा पटकीने मृत्यू झाला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या आणि १ जून १८८२ रोजी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. या समाजाच्या शाखा सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अहमदनगर, ठाणे आदी ठिकाणी निघाल्या. सोलापूर जिल्ह्याचा हा भाग अनाथ बालकांच्या प्रश्नाला अपरिचित नव्हता. पंढरपुरात प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले होते. यात्रेच्या गावी टाकून दिलेली अर्भके तेथे वाढविली जात. त्याहीपूर्वी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी असे गृह आपल्या घरी चालविले होते. मात्र या संस्थांचा मुख्य हेतू विधवेची अब्रू आणि अर्भकाचा जीव वाचविणे हा होता. आंधळ्या किंवा अपंग मुलीला शिकवून तिच्या पायावर उभे करावे, हा विचार त्या काळी आपल्याकडे जवळजवळ कोठेच रुजलेला नव्हता.

हंटर आयोगापुढील साक्षीत रमाबाईंनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. ‘स्त्रीधर्मनीती’ हे त्यांचे पहिले मराठी पुस्तकही १८८२ मधलेच. त्याच्या विक्रीचे पैसे इंग्लंडच्या प्रवासासाठी कामी आले.

इंग्लंड आणि अमेरिका

वैद्यकीचे शिक्षण घेऊन परतावे, या इराद्याने रमाबाई १८८३ मध्ये छोट्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनी संघाच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वैद्यकीचा बेत मात्र सोडावा लागला, कारण त्यांना कानाने कमी ऐकू येत होते. हा बहिरेपणा वयानुसार वाढतच गेला आणि उत्तरायुष्यात त्यांच्याशी बोलणे इतरांना अवघड होई. त्यांच्या चरित्रकारांनी या गोष्टीला सहसा ओझरता उल्लेख करून बगल दिली आहे. परंतु ज्या स्त्रीच्या आयुष्याची दिशाच एका इंद्रियाच्या उणिवेने बदलली, तिने पुढे आंधळ्या मुलींसाठी वेगळी व्यवस्था उभारली, हे वाचकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि संस्कृत शिकविले. वाँटेजच्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी जे घर चालवीत, ते पाहून त्या प्रभावित झाल्या. अशा स्त्रियांना पुन्हा माणसांत आणणारी व्यवस्था असू शकते, हे त्यांनी तेथे प्रथमच पाहिले.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता, तो अडीच वर्षांवर लांबला. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणावर खपले. या विक्रीतून नियोजित शाळेसाठी पैसा उभा राहिला.

बॉस्टनची मदत

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. अमेरिकेतील गावोगावी रमाबाई मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासदांनी दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे वचन दिले. हे वचन १० वर्षांचे होते. एखाद्या धनिकाची एकरकमी देणगी आणि शेकडो सामान्य स्त्रियांची वर्षानुवर्षांची छोटी वर्गणी यांत मोठा फरक आहे. पहिलीतून इमारत उभी राहते. रोजचे धान्य, शिक्षिकेचे वेतन, औषधपाणी यांसाठी मात्र दुसरीच लागते. रमाबाईंनी ही दुसरी वाट निवडली, आणि त्यासाठी अमेरिकेत शहरोशहरी व्याख्याने दिली.

या मदतीला एक अट होती. शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही आणि विद्यार्थिनींच्या आचारधर्मात ढवळाढवळ करावयाची नाही. असोसिएशनचे सभासद वेगवेगळ्या पंथांचे, काही उदारमतवादी एकेश्वरी पंथाचे होते. त्यामुळे अट त्यांच्याही सोयीची होती. फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास हलविण्यात आले.

शारदा सदनाचा वाद

सदनाच्या सल्लागार मंडळावर महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसत. बंदी नाही, सक्तीही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. लहान वयाच्या, पूर्णपणे परावलंबी असलेल्या मुलींच्या बाबतीत एवढे स्वातंत्र्यही आमिषासारखेच ठरते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. ‘केसरी’ने हा प्रश्न लावून धरला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. जोतीराव फुले यांनी यापूर्वीच ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती, पण १८९० मध्ये त्यांचे निधन झाले होते.

या वादाचा परिणाम सदनाच्या आधारावरही झाला. स्थानिक सुशिक्षित समाजाकडून मिळणारी सहानुभूती जवळजवळ संपली. असोसिएशनच्या कार्यकारी समितीच्या प्रमुख ज्युडिथ अँड्र्यूज यांनी बॉस्टनहून येऊन सदनाची पाहणी केली आणि अमेरिकेतील मदत चालू राहिली. परंतु आता संस्था बहुतांशी परदेशी पैशावर अवलंबून झाली, आणि तो आक्षेप तिला कायमचा चिकटला. टीकाकार आणि रमाबाई या दोन्ही बाजूंना मुलींचे हितच हवे होते, असे मानले तरी नुकसान झाले ते मुलींचे, कारण घरी परत नेलेल्या बालविधवांपुढे शिक्षणाचा दुसरा मार्ग क्वचितच होता.

दुष्काळ आणि केडगाव

१० वर्षांची मुदत संपल्यावर काय, हा विचार रमाबाई आधीपासून करीत होत्या. पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर केडगाव येथे त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळझाडे लावावीत आणि त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, अशी योजना होती. झाडे वाढीस लागण्यापूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ आला.

या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यासह दख्खनचा मोठा भाग होरपळला. मध्य प्रांतातही हाहाकार उडाला. रमाबाई मध्य प्रांतातील मदत छावण्या पाहण्यास गेल्या. तेथे एकट्या पडलेल्या मुलींची काय गत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि टप्प्याटप्प्याने सुमारे ३०० मुली व स्त्रिया बरोबर आणल्या. पुण्यात त्याच वेळी प्लेगची साथ सुरू होती आणि नव्या माणसांना शहरात ठेवण्यास मनाई होती. म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभारल्या गेल्या. मुक्ती सदनाचा आरंभ हा असा झाला. प्लेग निवारणाच्या सरकारी व्यवस्थेतील गैरप्रकारांवर रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात कडक टीका केली आणि तिचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले.

१८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुन्या असोसिएशनचा करार संपून अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नावाने नवी संस्था झाली. मुक्ती सदन मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होते. शारदा सदनाची तटस्थतेची अट त्याला लागू नव्हती. १९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुतान्यातून शेकडो मुली आणण्यात आल्या आणि सदनातील वस्ती जवळजवळ २,००० पर्यंत गेली.

एवढ्या माणसांचे एक गावच झाले. निरनिराळ्या गरजांनुसार त्याचे विभाग पडले. बहिष्कृत स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन, मुलांसाठी सदानंद सदन आणि अंधांसाठी बार्तिमी सदन. शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गोठा आणि छापखाना ही कामे स्त्रियाच करीत. पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागल्या. अवर्षणप्रवण माळावर हा प्रश्न नेहमीच बिकट राहिला.

बार्तिमी सदन

दुष्काळ आणि अंधत्व यांचा निकटचा संबंध आहे. दीर्घ उपासमारीत शरीराला अ जीवनसत्त्व मिळेनासे होते. प्रथम रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडते आणि अखेरीस ते विरघळून दृष्टी कायमची जाते. लहान मुलांत हे काही दिवसांतही घडू शकते. देवी आणि डोळे येणे यांनीही त्या काळी असंख्य मुले आंधळी होत. त्यामुळे छावण्यांतून आणलेल्या मुलींत अंध मुली असणे स्वाभाविक होते. अशा मुलीचे लग्न होणार नाही, ती कामाला येणार नाही, म्हणून तिला कोणी घेत नसे. रमाबाईंनी त्यांना वगळले नाही.

शिकविण्याची सोय त्यांच्या कन्येमुळे झाली. मनोरमाबाई इंग्लंड-अमेरिकेत शिकल्या. अमेरिकेत त्यांनी ब्रेल पद्धती आत्मसात केली आणि परतल्यावर मुक्ती सदनातील अंध मुलींना ती शिकविली. उठावाच्या ६ बिंदूंच्या वेगवेगळ्या जुळणीतून अक्षरे बनविणारी ही लिपी फ्रान्समध्ये लुई ब्रेल यांनी तयार केली होती. भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प यांनी काढली आणि मुंबईत मिस मिलर्ड यांची शाळा १९०० च्या सुमारास निघाली. सर्व भारतीय भाषांना समान असे भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारले गेले. त्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाला आपल्या भाषेची वर्णमाला या बिंदूंत बसविण्याची खटपट करावी लागे. या पार्श्वभूमीवर केडगावसारख्या आडवळणी ठिकाणी १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अंध मुली बोटांनी वाचू लागल्या, हे विशेष आहे.

अक्षरज्ञानाबरोबर त्यांना हाताचे कामही दिले जाई. वेत विणणे, टोपल्या करणे यांत डोळ्यांपेक्षा बोटांची सवय महत्त्वाची असते. शिकून तयार झालेल्या काही अंध मुली नव्याने आलेल्यांना शिकवीत. विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण हा शब्दप्रयोगही तेव्हा जन्मला नव्हता.

देणग्या आणि त्यांविषयीची भूमिका

मुक्ती सदनाच्या काळात रमाबाईंची मदतीविषयीची दृष्टी बदलली. ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी कोणाकडेही याचना न करता, केवळ प्रार्थनेवर विसंबून हजारो अनाथ मुलांचा सांभाळ केला होता. म्युलर यांच्या कार्याचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. ठरावीक वर्गणीचे वचन मागण्याऐवजी येईल तेवढ्यात भागवावे, असे त्यांचे धोरण झाले. असे असले तरी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या नियतकालिकातून सदनाची हकीकत परदेशी वाचकांपर्यंत जाई आणि इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथून देणग्या येत. प्रत्यक्ष मागणी नसली तरी गरज कळविलेली असे, एवढा व्यावहारिक भाग येथे मान्य केला पाहिजे. अनेक परदेशी व भारतीय सहकारी स्त्रिया वेतनाविना काम करीत. त्यांत सुंदराबाई पवार आणि मिनी एब्रम्स यांची नावे महत्त्वाची आहेत.

१९०५ मध्ये सदनात मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. त्यामुळे जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळात केडगावचे नाव झाले आणि मदतही वाढली. त्याच वेळी भोवतालच्या मराठी समाजापासून संस्था आणखी दुरावली. दुष्काळात जीव वाचविलेल्या अजाण मुलींचे धर्मांतर योग्य की अयोग्य, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो निराधार म्हणता येत नाही. त्याच वेळी या मुलींना घेऊन जाण्यास दुसरे कोण पुढे आले होते, हा प्रश्नही उरतोच.

अखेरची वर्षे

आयुष्याची अखेरची सुमारे १५ वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी साध्या, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा मराठीत ते केले. सदनातील मुलीच या मजकुराचे खिळे जुळवीत. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले.

मनोरमाबाईंनी दरम्यान पदवी मिळविली, शारदा सदनाची जबाबदारी घेतली आणि याच लोहमार्गावर सोलापूरच्या पुढे, निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढली. आईच्या पश्चात सर्व कारभार त्यांनीच पाहावा, अशी योजना होती. २४ जुलै १९२१ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, भाषांतराची अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

मृत्यूनंतर

रमाबाईंनंतर संस्थेची सूत्रे त्यांच्या सहकारी मिस हेस्टी यांच्याकडे गेली. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने ही संस्था केडगाव येथे अद्याप कार्यरत असून अनाथ मुली, निराधार स्त्रिया आणि दिव्यांग यांचा सांभाळ तेथे केला जातो. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंचे तिकीट काढले. त्यांच्या साहित्यापैकी ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा ग्रंथ मराठी प्रवासवर्णनांत महत्त्वाचा मानला जातो. अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्था, त्यांची वर्गणी, सभा आणि हिशेब ठेवण्याची रीत यांचे त्यातील तपशीलवार वर्णन रमाबाईंच्या पुढील संस्थाकार्याच्या अभ्यासकांना विशेष उपयोगी पडते.